सुपाएवढा चेहरा

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला फोटो मोठा हवा असतो. लहान करून द्या, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लग्नाचा भिंतभर हवा, बारशाचा दारभर हवा, आणि आणतात मात्र कोणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला, चार गावं आणि दोन देश फिरून आलेला. कुवेतहून महाडला, महाडहून पोलादपूरला, तिथून मामाच्या ग्रुपवर आणि मामाकडून माझ्याकडे. प्रत्येक हातात थोडा थोडा झिजत आलेला. मी म्हणते, "हा फुटेल." ते म्हणतात, "मोबाइलवर तर छान दिसतोय की!" इथे माझं डोकं फिरतं. महाडच्या बाजारात माझ्या फोटोंचं जेवढं नाव आहे तेवढंच माझ्या तोंडाचंही आहे, हे मला ठाऊक आहे.

कुशाबा आले ते भात झोडून झालेल्या दिवसांत. त्या दिवसांत सावित्रीवरचं धुकं सकाळी सकाळी बाजारात शिरतं आणि उन्हं चांगली वर येईपर्यंत हलत नाही. समोरचं चहाचं दुकान दिसत नाही, फक्त स्टोव्हचा आवाज येतो. माणूस येतो तो आधी नुसता आकार म्हणून, मग त्याच्या स्वेटरला रंग येतो, आणि उंबऱ्यावर पाय ठेवला की चेहरा. मला ही वेळ फार आवडते. माझ्या प्रिंटरमधून कागद बाहेर येतो तसाच माणूस हळूहळू उमटत जातो. मी शटर उघडून, मशीन सुरू करून, हात बगलेत घालून हे बघत बसते. वडील स्टुडिओ चालवायचे तेव्हा अंधाऱ्या खोलीत रसायनाच्या पाण्यात चेहरे वर यायचे, ते मी लहानपणी स्टुलावर उभी राहून बघायचे. आता खोली नाही, पाणी नाही, इंकजेटची सहा शाईची नळकांडी आहेत. पण वर येणाऱ्या चेहऱ्याची वाट बघायची सवय गेलेली नाही.

तर धुक्यातून टोपी आली, मग तपकिरी स्वेटर, मग पांढऱ्या मिशा आणि आत गेलेले गाल. म्हाताऱ्यांनी पिशवीतून चंची काढली, तिची दोरी सोडली आणि तंबाखू बाजूला सारून एक बारीकसं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"बाय, ह्यातला फोटू काढून पायजे."

"चंचीत ठेवतात होय कार्ड? चुना लागलाय सगळा."

"चंचीत हाय म्हनून तर हाय. दुसरीकडं ठेवलं असतं तर कवाच हरवलं असतं."

कार्ड त्यांच्या पुतण्याचं होतं. रितेश त्याचं नाव, मुंबईला असतो. नोकरीला लागल्यावर घेतलेल्या त्याच्या पहिल्या फोनमधलं ते कार्ड. फोन केव्हाच मोडीत गेला, कार्ड काकांनी मागून घेतलं. मी पुसपुसून ते संगणकाला लावलं. शेळ्या आल्या, कुठलीशी मोटरसायकल आली, नदीत पाय सोडून बसलेली पोरं आली. मग शिमगा आला. गावच्या पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन नाचणारी माणसं, गुलालाने सगळा फोटो लालसर, आणि दांड्याखाली एक माणूस तोंड उघडून हसतोय. काळ्याभोर मिशा, फेटा घसरून एका कानावर आलेला.

"ह्यो मी," कुशाबा म्हणाले. त्यांनी स्क्रीनला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "माझं एकट्याचं तोंड पायजे. एवडं." दोन्ही हात त्यांनी पसरले. "सुपाएवडं."

मला हसू आवरलं नाही. "निवडणुकीला उभे राहताय का?"

"नाय."

"मग वाढदिवसाचा बॅनर? हायवेवर लावायला?"

"माझा वाढदिस माझ्या आयशीलाच ठाव. ती कवाच गेली."

मग माझ्या लक्षात आलं, म्हणजे लक्षात आलं असं मला वाटलं. काही म्हातारी माणसं अशी येतात. मागे पोरांची धांदल नको, आधारकार्डावरचा भुतासारखा फोटो हाराखाली जायला नको, म्हणून आपला बरासा फोटो आपणच मोठा करून ट्रंकेत ठेवतात. अशा माणसांशी मी जरा बऱ्या तोंडाने बोलते. मी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि समजावायला बसले.

"हे बघा काका, फोटो म्हणजे ठिपके. कागदाच्या एका इंचात तीनशे ठिपके मावले की हातात धरलेला फोटो स्वच्छ दिसतो. हा जुना, स्वस्तातला फोन. सगळ्या फोटोतच ठिपके कमी, आणि तुमच्या तोंडाच्या वाट्याला आलेत आडवे जेमतेम शंभर. आता समजा मूठभर तांदूळ आहेत. छोट्या वाटीत ओतले तर वाटी भरलेली दिसते. तेच सुपात पसरले तर? सूपच दिसतं. तांदूळ कुठे?"

हे तांदळाचं मी सगळ्यांना सांगते. बहुतेक जण मान डोलावतात. कुशाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि म्हणाले, "पन तांदूळ तेवडंच ऱ्हातात ना? कमी तर होत नाय?"

"कमी होत नाहीत. विखुरतात."

"मंग इखरू दे की."

मी हात टेकले. फुटलेला फोटो माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही, असं सांगून चेहऱ्याचा छोटासा, एसटीच्या पासावर चिकटवतात तेवढा फोटो काढून दिला. त्या आकारात तो सुरेख आला होता, मिशीचं टोक वळलेलंसुद्धा दिसत होतं. कुशाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला, चंचीत घातला आणि धुक्यात परत गेले. आधी चेहरा गेला, मग स्वेटर, मग टोपी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते पुन्हा हजर.

"बारीक झाला, बाय. मोठा कर."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि संगणकात एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं, जे नसलेले ठिपके स्वतःच्या मनाने भरतं. पाण्यात भिजलेले, उंदराने कुरतडलेले कितीतरी फोटो मी त्याने सावरले होते. शिमग्यातला तो चेहरा त्यात घातला. चक्र थोडा वेळ फिरत राहिलं, आणि स्क्रीनवर एक माणूस आला. झुबकेदार मिशा, एकेक केस मोजून घ्यावा अशी. डोळ्यांत चमक. दातांची रांग सरळ. गालावर सुरकुती नाही, देवीचा व्रण नाही, गुलालाचा डागही नाही. वहीच्या पानाएवढा छापला, चकचकीत कागदावर, आणि मला माझंच कौतुक वाटलं.

कुशाबा बराच वेळ बघत राहिले. "टापटीप हाय," म्हणाले. त्यात आनंद नव्हता, पण फोटो घेऊन गेले.

त्या दुपारी मला काउंटरवरच डुलकी लागली. स्वप्नात मी आमच्या पडवीत बसून सुपात काहीतरी पाखडत होते. फोल उडत होतं आणि हवेत लाल लाल होऊन तरंगत होतं. मी पाखडत राहिले, तशी सुपातून मिशी उडाली, मग नाक उडालं, मग एक डोळा. मी घाबरून सूप थांबवलं, तर तळाशी चार दाणे उरले होते आणि ते हसत होते. जाग आली तेव्हा प्रिंटरचा दिवा लुकलुकत होता, शाई संपत आल्याचा.

तिसऱ्या खेपेला त्यांनी तो वहीच्या पानाएवढा फोटो चार घड्या घालून आणला होता. घड्या! मी चिडून काही बोलणार, एवढ्यात ते म्हणाले, "बाय, तिनं पदर घेतला डोक्यावर."

"कोणी?"

"घरातलीनं."

"मग?"

"आमच्यात बाईमानूस परक्या पुरुषाला बघून पदर घेतं. ह्यो कागद मी तिच्या फुडं धरला. तिनं मान वाकडी करून बघितलं आन कमरंचा पदर सोडून डोक्यावर घेतला. 'कोन पावनं आल्यात?' म्हनली. 'च्या ठेवू काय?'"

हे सांगताना ते हसले. पण त्यांची बोटं घडी उलगडत होती, पुन्हा घालत होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रयागबाई त्यांच्या बायकोचं नाव. ते नाव त्यांनी एकदाच घेतलं, तेही मी विचारलं म्हणून, खाली बघून. तिच्या डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय. आधी मधलं गेलं. जिथे बघावं तिथे धुकं, आणि धुक्याच्या कडेकडेने जग. गावात हे कोणाला माहीत नाही. ती पाणी भरते, शेंगा सोलते, भाकऱ्या थापते, समोरून येणाऱ्याला आवाजावरून हाक मारते. कोणाला कळू नये म्हणून हे तिच्या मागेपुढे असतात. वाटेत दगड आला की मोठ्याने खोकतात.

"माझ्याकडं बघती तवा तिला टोपी दिसती, खांदं दिसत्यात. मधलं तोंड नाय दिसत. आता डॉक्टर म्हनला, कडंचं बी जानार. शिमग्यापातुर ऱ्हायलं तर ऱ्हायलं." त्यांनी फोटो खिशात घातला. "परवा भाकरी वाढताना म्हनली, 'अवो, तुमचं तोंड आठवंना झालंय मला.'"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "अहो, मग हे पहिल्या दिवशी सांगायचं नाही का! मी तुम्हाला ठिपके मोजत बसले!"

"तू इचारलंस कुठं? तू म्हनालीस, फुटंल."

ते खरंच होतं. तरी मी बोललेच. "एक सांगू का? फोटो कशाला हवा? तुम्हीच जा ना तिच्या अगदी जवळ. तोंडाला तोंड लावून बसा. जवळ आलं की चेहरा मोठा होतो, धुक्याच्या बाहेर येतो."

कुशाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी भर बाजारात काहीतरी वंगाळ बोलले असावे. "दिवसाढवळ्या? दार उघडं, शेजारीपाजारी येनार-जानार..." मग टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "आन आता काय ऱ्हायलंय ह्या तोंडात? दात गेलं, गाल गेलं. तिला बघवायचं नाय. तिला ठाव हाय ते ह्यात हाय." त्यांनी चंचीवर हात ठेवला.

ते बाहेरच्या बाकावर बसले आणि मी कामाला लागले. तीनशे ठिपके हातात धरून, चांगल्या नजरेने बघणाऱ्या माणसासाठी असतात. हायवेवरच्या पुढाऱ्यांच्या बॅनरवर इंचाला मोजून थोडेसे ठिपके असतात, आणि जीपमधून जाताना त्यांच्या मिशा आपल्याला स्पष्ट दिसतात. हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. बघणारे डोळे कोणाचे, ते माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरने भरलेलं सगळं मी पुसून टाकलं. मूळचे शंभर ठिपकेच घेतले, त्यांच्या कडा मऊ केल्या, म्हणजे चौकटी दिसणार नाहीत. भुवया, मिशी आणि उघड्या तोंडाची सावली गडद केली. तिला काही दिसलं तर तेच दिसणार होतं. चकचकीत कागद बाजूला ठेवला, कारण त्यावर उजेड पडला की आणखी एक धुकं तयार होतं. जाड, बिनचकाकीचा कागद घेतला, माझ्या मशीनमध्ये जाईल तेवढा मोठा. इंचाला आठ-नऊ ठिपके. वडील असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं.

प्रिंटर घरघरला. त्याचं डोकं इकडून तिकडे जायचं आणि कागद केसभर पुढे यायचा. आधी फेट्याचा तिरका पट्टा आला. मग कपाळ, मग भुवयांच्या जागी दोन सावल्या. त्या सावल्यांना काही अर्थ नव्हता. मिशी आली ती डोंगरावरच्या रानासारखी काळपट. अख्खा कागद हातात घेतला तेव्हा त्यात लालसर धुक्याशिवाय काही नव्हतं. मी कागद दारातल्या काउंटरला टेकवला, रस्ता ओलांडून चहाच्या दुकानापाशी गेले आणि मागे वळले. माझ्या दुकानाच्या दारात कुशाबा उभे होते, तरणेबांड, फेटा घसरलेला, तोंडभर हसत. आणि त्यांच्या शेजारी बाकावर म्हातारे कुशाबा बसून तंबाखू मळत होते. रस्त्यातून मालाचे टेम्पो जात होते आणि मी तिथेच उभी राहिले. किती वेळ, ते चहावाल्यालाच माहीत.

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "हा कुठून बघायचा ते तिथेच ठरेल." शटर ओढलं आणि निघाले.

पोलादपूरपर्यंत एसटीने गेलो; तिथून आंबेनळी घाटाकडे मुख्तारची जीप जाते. मुख्तार माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या जीपच्या काचेवरची नावं मीच छापून दिली आहेत. आम्ही मागे दाटीवाटीने बसलो. कुशाबा गुंडाळलेला कागद मांडीवर उभा धरून होते. वळणावर जीप कलंडली, कागद हातातून सुटला आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवर उलगडला.

समोरच्या म्हातारीने हात जोडले. "कोन गेलं गो, बाय?"

"कोन नाय," कुशाबा म्हणाले. "मीच हाय."

मग पुढून मुख्तार असा हसला, की त्याला घाटाच्या कडेला गाडी उभी करावी लागली. "चाचा, माझ्या गाडीत आजवर अशी सवारी बसली नव्हती!" सगळे हसले. म्हातारी मात्र हसली नाही. "जित्या मानसाचा फोटू एवडा करतात होय? भिंतीला लावू नको रं बाबा. तुझी मंडळी हाय ना?" कुशाबांनी कागद गुंडाळला आणि वाडी येईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. आमच्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचा मोठा फोटो म्हणजे त्याला हार आलाच. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

वाडी घाटाच्या पायथ्याशी, उतारावर. वर धुकं आणि खाली ऊन, मध्ये पाच-सहा घरं. प्रयागबाई अंगणाच्या कडेला ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. पदर कमरेला खोचलेला, बोटं झरझर चालत होती. मी समोर गेले. त्या माझ्या कानाच्या पलीकडे, मागच्या फणसाकडे बघून हसल्या. मला वाटलं मागे कोणीतरी आहे. मग कळलं, की हे बघणं माझ्याकडेच आहे.

"ये गो बाय. महाडची ना तू? चपलेचा आवाज शहराचा हाय." मग मान तशीच वळवून, "कागद वाजतोय. काय आनलंय?"

"फोटू हाय," कुशाबा म्हणाले. "माझा. मोठा."

शेंगा थांबल्या. "मोठा म्हंजे? भिंतीला लावायचा?" त्यांचा आवाज चढला. "लावून बघा! माझं कुकू हाय अजून कपाळावर. मी असंपातुर ह्या घरात तुमचा फोटू भिंतीला लागायचा नाय."

"भिंतीला कुठं लावतोय गो? हातात धरतो."

कागद वाऱ्याने सारखा गुंडाळत होता. कुशाबा आत गेले आणि सूप घेऊन आले. कागद त्यात ठेवला, तो कडांना बरोबर अडकून बसला. मी त्यांना अंगणाच्या टोकाला, तुळशीपाशी उभं केलं. महाडच्या रस्त्यावरचं अंतर मला आठवत होतं, तेवढंच मी घेतलं. त्यांनी सूप तोंडासमोर धरलं. माझ्या जागेवरून शिमग्यातला कुशाबा लख्ख दिसत होता.

"बघा प्रयागबाई, दिसतं का?"

त्यांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. "सूप दिसतंय," म्हणाल्या.

मीच म्हटलं होतं, सूपच दिसतं.

"जरा फुडं या," त्या म्हणाल्या.

कुशाबा पुढे आले.

"अजून."

आता माझ्या डोळ्यांपुढे चेहरा विरायला लागला. "काका, थांबा," मी म्हटलं, "आणखी जवळ गेलात तर फुटेल." माझं कोणी ऐकलं नाही.

"या की फुडं. अजून या."

प्रयागबाईंचा हात कमरेच्या पदरावर होता. माझी नजर त्या हातावर खिळली होती. मागच्या खेपेला तो डोक्याकडे गेला होता. कुशाबा एकेक पाऊल येत होते, सुपाच्या मागून त्यांना काही दिसत नव्हतं, ओट्याची कड पायाला लागली तेव्हा थांबले. सूप आता तिच्या चेहऱ्यापासून हातभरही लांब नव्हतं. माझ्यासाठी त्यात काहीच उरलं नव्हतं, नुसतं लाल धुकं. पण माझे डोळे धड होते, आणि हा फोटो धड डोळ्यांसाठी नव्हताच.

पदरावरचा हात सुटला आणि मांडीवर पडला.

"फेटा घसरलाय," प्रयागबाई म्हणाल्या.

कुशाबांनी सूप तसंच धरून ठेवलं.

"दात दिसत्यात. हसतोय." त्या स्वतःच हसायला लागल्या. "अवो, शिमगा हाय ह्यो! त्या वर्सी पालखी खाली ठेवताना पाय मुरगळला हुता तुमचा. सा दिवस हळद लावली मी. आन हसताय कसं बघा, काय झालंच नाय असं!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मीही रडत होते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग त्यांनी सुपाची कड धरली आणि सूप खाली केलं.

मागे कुशाबांचा चेहरा होता. दात नसलेला, गाल आत गेलेला, मिशा पांढऱ्या, एवढ्या जवळ की तिचा श्वास त्याला लागत असेल. कुशाबा दचकले आणि मान फिरवायला लागले.

"ऱ्हावा उभं," त्या म्हणाल्या.

त्यांनी डावीकडून बघितलं. मग मान कलती करून उजवीकडून. कपाळापासून हनुवटीपर्यंत, कडेकडेने, सावकाश. कुशाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी मनात म्हणत होते, नको, सूप पुन्हा वर धरा, त्या हसऱ्या माणसाला परत आणा.

प्रयागबाईंचा हात वर गेला. कमरेचा पदर सोडून त्यांनी तो डोक्यावर ओढून घेतला.

कुशाबांना सळसळ ऐकू आली असावी. डोळे न उघडताच ते म्हणाले, "नाय वळखलं." ते माझ्याशी बोलत होते, तिच्याशी नाही.

"वळखायला काय झालंय?" प्रयागबाई पदराआडून म्हणाल्या. "घरात परकं मानूस बसलंय, आन त्याच्या देखत एवडं जवळ येतात होय?" मग कलत्या मानेने माझ्या कानाच्या पलीकडे बघून म्हणाल्या, "बाय, तू जरा डोंगराकडं बघ."

मी डोंगराकडे बघितलं. आंबेनळीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मागे सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मी बराच वेळ वळले नाही.